गावठी की रंगवलेले? पाड्यावरच्या पिलांची ओळख आणि राखण

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील वारली, कोकणा, मल्हार कोळी, दुबळा आदी आदिवासी कुटुंबांच्या दारात बैलजोडी असेलच असे नाही. मात्र चार-दोन कोंबड्या नाहीत असे घर विरळाच. देवाच्या कार्याला कोंबडा लागतो, पाहुणा आला की कोंबडी लागते आणि घरात कोणी तापाने फणफणले की दवाखान्याच्या खर्चाला तीच कोंबडी विकावी लागते. हा पैसा बहुधा घरातील बाईच्या हाती राहतो. भातकापणी उरकल्यावर वीटभट्ट्यांकडे, मिठागरांकडे आणि बांधकामांकडे निघणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने तर जाण्यापूर्वी रोख पैशात बदलता येणारी ठेव म्हणजे अंगणातील कोंबड्याच होत.

ही ठेव वाढते ती पिलांमधून, आणि बुडतेही पिलांमध्येच. खुडूक कोंबडीने दहा-बारा पिले काढली, तरी दोन महिन्यांनी त्यांतील निम्मीही उरत नाहीत, हा बहुतेक घरांचा अनुभव असतो. काही घार नेते, काही मुंगूस, काही पावसात भिजून मरतात आणि उरलेल्यांवर एखाद्या उन्हाळ्यात मानमोडीचा घाला पडतो. त्यात अलीकडच्या काळात बाजारातील फसवणुकीची भर पडली आहे.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात कुक्कुटवर्गीय पक्ष्यांची एकूण संख्या ८५.१८ कोटी होती. त्यांपैकी ३१.७ कोटी पक्षी परसातील होते. २०१२ च्या गणनेशी तुलना करता परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली. मागणी वाढली, गावठी अंड्याला आणि कोंबड्याला ब्रॉयलरपेक्षा बराच अधिक भाव मिळू लागला, आणि त्याबरोबर ‘गावठी’ या नावाखाली भलतेच पिलू विकण्याचा व्यवहारही फोफावला.

बाजारातील रंगीत पिले

आठवडी बाजारात किंवा मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या नाक्यांवर जाळीच्या पेटीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिले चिवचिवताना दिसतात. मुलांना ती आवडतात. मोठेही दहा-वीस घेऊन जातात. ही पिले कोणत्याही वेगळ्या जातीची नसतात. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या व्यवसायाला माद्या हव्या असतात, नर नको असतात. उबवणी केंद्रात पिले अंड्यातून बाहेर पडताच माद्या वेगळ्या काढल्या जातात आणि नको असलेले नर अत्यल्प दरात बाहेर पडतात. रंग लावला की त्यांचे गिऱ्हाईक वाढते, इतकाच त्या रंगाचा अर्थ.

न रंगवलेली पांढुरकी-पिवळी पिलेही जपून घ्यावीत. तपकिरी अंडी देणाऱ्या व्यावसायिक संकरांत पिलाचा रंगच त्याचे लिंग सांगतो. मादी तांबूस आणि नर फिकट पिवळा निघतो. म्हणजे अशा संकराची सगळी फिकट पिले कोणी ‘अंड्यावरची जात’ म्हणून विकत असेल, तर त्या पेटीत अंडी देणारे एकही पिलू नसण्याची शक्यता दाट असते. हे नर अगदी निरुपयोगी असतात असे नव्हे. अंगणात चरून ते हळूहळू वाढतात आणि खाण्याच्या कामी येतात. पण गावठी तलंगेच्या भावाने ते घेणे हा निव्वळ तोटा होय.

ब्रॉयलरचे पिलू ओळखणे त्यामानाने सोपे आहे. पाय जाड, छाती रुंद, रंग एकसारखा पिवळा आणि खाण्याचा सोस जबर. सहा आठवड्यांत ते दीड-दोन किलोंचे होते. त्यानंतर त्याला स्वतःचेच वजन पेलवत नाही. डोंगरउतारावर चरणे, घारीची सावली पाहून पळणे, एप्रिल-मेचा उकाडा सोसणे यांतील एकही गोष्ट त्याच्याकडून होत नाही.

गावठी पिलांत एकसारखेपणा नसतो, हीच त्यांची पहिली खूण. एकाच कोंबडीखालची पिले काळी, कबरी, तांबडी, पाठीवर गडद पट्टे असलेली अशी नाना रंगांची निघतात. एखाद्याची मान जन्मतःच उघडी असते. पायांचा रंगही पिवळा, राखाडी, काळपट असा वेगवेगळा असतो. वजन जेमतेम ३० ग्रॅमच्या आसपास. पेटीतील शंभर पिले एका साच्यातून काढल्यासारखी दिसत असतील, तर ती गावठी नाहीत, एवढे निश्चित समजावे. याच्या उलट मात्र खरे मानता येत नाही. वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित जातींची पिलेही रंगीबेरंगी असल्याने केवळ रंगावरून गावठी आणि सुधारित यांतील फरक करणे अनुभवी माणसालाही जड जाते. तेथे आकार, पायांची जाडी आणि विक्रेत्याकडील पावती यांवरच भिस्त ठेवावी लागते.

वयाबाबतही लबाडी होते. ‘आजचेच पिलू’ म्हणून विकले जाणारे पिलू खरोखर एक दिवसाचे आहे का, हे चोचीच्या टोकावर कळते. अंड्याचे कवच फोडण्यासाठी तेथे एक बारीक पांढरा दाणा असतो. तो एक-दोन दिवसांत गळून पडतो. पिलू हातात घेऊन पोट पाहावे. बेंबी सुकलेली आणि बंद असावी, शेपटीखालचा भाग विष्ठेने चिकटलेला नसावा, डोळे टपोरे असावेत. उताणे ठेवताच जे पिलू झटकन उलटून उभे राहते ते घ्यावे. ओल्या बोटाने पिसे चोळल्यास लावलेला रंग अनेकदा बोटाला लागतो, हेही बाजारात करून पाहण्यास हरकत नाही.

जातीच्या नावाचे मोल

सुधारित जातींची नावे पाड्यांवर सर्रास ऐकू येतात. गिरिराजा ही बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झाली. वनराजा आणि ग्रामप्रिया या हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या जाती. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते, तर वनराजा शंभराच्या पुढे जाते आणि ग्रामप्रिया त्याहूनही अधिक. मात्र ही वाढीव अंडी पोटभर चारा-खाद्य मिळाले तरच, हे नाव घेणारे सांगतातच असे नाही. शिवाय या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवून उबवावी लागतात, आणि त्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी आई-बापासारखी उतरत नाही. दरवेळी नवी पिले विकत आणणे आले. ज्या घराला ते परवडत नाही, त्याने अंगणातील गावठी वाण पूर्णपणे मोडून टाकणे शहाणपणाचे नाही.

स्थानिक वाणाकडे पाहण्याची दृष्टी तशीही बदलायला हवी. उत्तरेला दक्षिण गुजरातेतील अंकलेश्वर आणि नंदुरबारच्या नवापूर भागातील बुसरा या कोंबड्यांना देशाच्या नोंदणीकृत जातींच्या यादीत स्थान मिळाले आहे. दोन्ही मूलतः आदिवासींच्या अंगणातच टिकलेल्या जाती.

मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि महाराष्ट्रात त्याची हवा झाली. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चाललेल्या कडकनाथ पिलांच्या योजनेत अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकल्याचे प्रकरण राज्यभर गाजले. कडकनाथची पिले निळसर-काळी असून पाठीवर अनियमित पट्टे असतात. वाढल्यावर तुरा, जीभ, पाय, कातडी सारे काळे होते. केवळ काळ्या पिसांचे पिलू म्हणजे कडकनाथ नव्हे. चोच उघडून जीभ पाहिल्याशिवाय मोठ्या कडकनाथचा सौदा करू नये.

नर की मादी?

प्रत्येक घरातील हा पहिला प्रश्न, आणि त्यावरील समजुतीही तितक्याच. टोकदार अंड्यातून नर निघतो आणि गोल अंड्यातून मादी, ही त्यांतील सर्वांत जुनी. तिला आधार नाही. पक्ष्यांमध्ये पिलाचे लिंग आईच्या बीजावरून ठरते आणि ते अंड्याला कवच येण्याआधीच ठरलेले असते. कवचाचा आकार हा कोंबडीच्या अंगाचा गुण आहे.

एक दिवसाच्या पिलाचे गुदद्वार उघडून आतील सूक्ष्म उंचवट्यावरून लिंग ओळखण्याची पद्धत जपानमध्ये १९२० च्या दशकात विकसित झाली. ती शिकण्यास दीर्घ सराव लागतो. अनाडी हाताने केल्यास पिलाच्या आतड्याला इजा होते. घरी हा प्रयोग करू नये. पंखाची पिसे पसरून लांब-आखूड पाहण्याची दुसरी पद्धत ठरावीक संकरांपुरतीच लागू पडते. बाजारात विक्रेता गावठी पिलाचा पंख पसरून ‘ही मादी’ असे ठासून सांगतो, त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

गावठी पिलाबाबत थांबण्याखेरीज इलाज नाही, पण फार थांबावे लागत नाही. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात नराचा तुरा जाडसर आणि लालसर होऊ लागतो. मादीचा तुरा बारीक व फिकट राहतो. नराचे पाय जाड, उभे राहणे ताठ. पाठीवर आणि शेपटीवर पिसे मादीला लवकर भरतात, नर काही दिवस पाठीने उघडाबोडका दिसतो. आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान मानेवर आणि कमरेवर लांब, टोकदार, चकचकीत पिसे आली की तो नर. मादीची तीच पिसे टोकाला गोलसर असतात. आसील रक्ताच्या पिलांचा तुरा मुळातच बसका असल्याने तेथे तुऱ्यापेक्षा कमरेच्या पिसांवर अधिक भरवसा ठेवावा. आरवण्याची वाट पाहत बसणारा माणूस उशीर करतो.

ही ओळख लवकर पटण्यात पैशाचा प्रश्न आहे. दहा मादींमागे एक नर पुरे होतो. जास्तीचे नर वेळीच वेगळे करून विक्रीसाठी पोसले, तर दाणा वाचतो आणि मारामाऱ्याही टळतात. मात्र वंशासाठी ठेवायचा कोंबडा घरच्याच पिलांतून निवडू नये. पिढ्यान्‌पिढ्या एकाच रक्ताची पैदास होत गेली की पिले कमजोर निघतात. दूरच्या पाड्यावरून कोंबडा बदलून आणण्याची जुनी चाल म्हणूनच योग्य आहे.

सामाईक चरणाऱ्या कळपात आपले पिलू कोणते, हा वादही नित्याचा. पायात रंगीत चिंधी बांधणे ही नेहमीची खूण आहे, पण पिलू वाढताना ती काचते. पंधरा दिवसांनी सैल करावी, किंवा सरळ प्लास्टिकची कडी वापरावी.

पहिले चार आठवडे

उबवणीला ठेवायची अंडी उन्हाळ्यात आठवड्यापेक्षा जुनी नसावीत. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. सातव्या दिवशी रात्री अंडे विजेरीसमोर धरल्यास जिवंत अंड्यात रक्तवाहिन्यांची लाल जाळी दिसते. जे अंडे स्वच्छ दिसते ते काढून टाकावे. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात.

नुकत्याच निघालेल्या पिलाच्या पोटात बलकाचा अंश शिल्लक असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते. याच गुणामुळे पिलांची दूरवर वाहतूक होते. विकत आणलेल्या पिलांना घरी येताच आधी गुळाचे पाणी आणि थोड्या वेळाने खाद्य द्यावे. पाण्याचे भांडे उथळ असावे आणि त्यात खडे टाकावेत. पिले बुडून मरण्याचे प्रकार क्षुल्लक वाटले तरी कमी नसतात.

आई नसलेल्या पिलांना ऊब द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस, त्यानंतर दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. दर पिलामागे दोन वॅट या हिशेबाने पिवळा बल्ब टांगावा, खाली भाताच्या तुसाचा दोन इंच थर घालावा. तापमापक नसला तरी पिलेच तापमान सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजते आहे. दूर जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे. सर्वत्र विखरून खात-पीत असतील तर ठीक. वीज गेल्यावर निखाऱ्यांचे मडके ठेवण्याची पद्धत चांगली आहे, मात्र धूर कोंडणार नाही याची काळजी हवी.

शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत शंभर एकदिवसीय पिलांचा गट किंवा आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगांचा, म्हणजे २५ माद्या व ३ नरांचा, गट पन्नास टक्के अनुदानावर देण्याची रचना राहिली आहे. ज्या घरात विजेचा भरवसा नाही, त्याने एकदिवसीय पिलांच्या मोहात पडू नये. शंभर हा आकडा मोठा वाटतो. पण पहिल्या दोन थंड रात्रींतच तो किती खाली येईल, याचा नेम नसतो. तलंगा संख्येने थोड्या असल्या तरी नाजूक वय ओलांडून आलेल्या असतात.

आईसोबतची पिले ऊब आईकडून घेतात, पण तिच्या मागे पहिल्याच दिवशी रानात जाणे त्यांना महाग पडते. कोंबडी मोकळी सोडून पिले चार आठवडे बांबूच्या डालग्याखाली ठेवावीत, रात्री आईच्या पंखाखाली द्यावीत. एवढ्या एका बदलाने घारीचे आणि मुंगसाचे नुकसान मोठ्या प्रमाणात टळते. पुढे पाच-सहा आठवड्यांनी पिले कायमची वेगळी केली, तर आई लवकर पुन्हा अंड्यावर येते.

खाद्याला तांदळाची कणी, नाचणी, वरी घरात असतेच. पण केवळ धान्यावर पिलाचा सांगाडा भरत नाही. पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या खाद्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. वाळवीच्या वारुळावर शेण आणि ओला पेंढा भरलेले मडके रात्री पालथे घालून सकाळी वाळवी पिलांपुढे झाडणे, ही आदिवासी भागातील जुनी युक्ती शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. डहाणूला किनारा लाभला आहे. सुकटीचा चुरा हे इथले सहज मिळणारे प्रथिन आहे. मात्र खारवलेली मासळी धुऊन, वाळवून, थोडीच मिसळावी. अधिक मीठ पिलांना मारक ठरते.

पावसाळ्यात तूस ओले राहिले की रक्ती हगवण आलीच. पिले पिसे फुलवून कोपऱ्यात बसतात, विष्ठेत रक्त दिसते. त्यावर औषध आहे आणि ते वेळेत दिल्यास पिले वाचतात. परंतु खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, फटीच्या बांबूतळाचे बांधणे हा औषधापेक्षा स्वस्त उपाय होय.

मानमोडी आणि शंभर मात्रांची अडचण

घार दोन पिले नेते, मानमोडी अख्खा पाडा रिकामा करते. १९२७ च्या सुमारास हा रोग भारतात राणीखेत येथे प्रथम नोंदला गेला आणि त्या गावाचे नाव त्याला चिकटले. हिरवट पातळ विष्ठा, घरघर, मान वाकडी होणे, पाय लुळे पडणे ही त्याची लक्षणे. त्यावर औषध नाही. लस आहे, स्वस्त आहे आणि राज्याची स्वतःची लसनिर्मिती संस्था पुण्यात औंध येथे आहे.

लसीचा क्रम असा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, दुसऱ्या आठवड्याअखेर गंबोरो, चौथ्या आठवड्यात लासोटाची पुनरावृत्ती, सहाव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात कातडीखाली आर-टू-बी. ही शेवटची लस तीव्र असते. लहान पिलांना ती देऊ नये. आजारी पक्ष्याला कोणतीच लस देऊ नये.

मग मानमोडी का हटत नाही? अडचण बाटलीच्या आकारात आहे. लहानात लहान कुपी सहसा शंभर मात्रांची येते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा पाणी मिसळले की दोनेक तासांत संपवावी लागते. एका घरात पिले असतात आठ. आठ पिलांसाठी कोणी तलासरीहून बर्फाच्या थर्मासमधून कुपी आणत नाही, आणि आणली तरी ब्याण्णव मात्रा वाया जातात. म्हणून लसीकरण घराने नव्हे, पाड्याने करायचे असते. एक दिवस ठरवून, कोंबड्या खुराड्यातून सुटण्याआधी पहाटे, सर्व घरांतील पिले एकत्र टिपली तर एक कुपी पुरते. बचत गटातील एखाद्या महिलेला थेंब टाकण्याचे शिक्षण अर्ध्या दिवसात देता येते. याबाबत पंचायत समितीचा पशुसंवर्धन विभाग, जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा गोखले एज्युकेशन सोसायटीचे कोसबाड हिल येथील कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे चौकशी करावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कार्याने महाराष्ट्राला परिचित झालेली कोसबाडची टेकडी ती हीच.

लसीचा दिवस निवडताना पंचांगाकडे पाहावे. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढे येथे महालक्ष्मीची जत्रा भरते, त्याच सुमारास लग्नसराई असते. या काळात कोंबड्या या पाड्यावरून त्या पाड्यावर जातात आणि रोगही त्यांच्याबरोबर प्रवास करतो. जत्रेच्या तीन-चार आठवडे आधी लस झालेली असावी. बाहेरून आलेली कोंबडी, मग ती सोयऱ्याने भेट दिलेली का असेना, पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवावी.

एक कोंबडी मेली की उरलेल्या घाईने विकून टाकण्याकडे कल असतो. ज्या घराची सारी पुंजी अंगणात मरू घातली आहे, त्याची ही घाई समजण्यासारखी आहे. पण बाजारात गेलेली ती आजारी कोंबडी दहा पाड्यांना रोग वाटते. मेलेले पक्षी ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत. थोड्या वेळात पुष्कळ कोंबड्या पटापट मेल्या, तर मानमोडीच असेल असे गृहीत धरून गप्प राहू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू नवापूरला आढळला. तो आणि मानमोडी यांची लक्षणे इतकी मिळतीजुळती असतात की प्रयोगशाळेशिवाय फरक कळत नाही. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नये, मुलांना दूर ठेवावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.